एकाच नावाखाली पन्नास पक्षी: आयलंड थ्रश नावाचं कोडं

चार पक्षी डोळ्यासमोर आणा. पहिला तैवानच्या डोंगरातला, नराचं डोकं पांढरंशुभ्र, पाठ आणि छाती काळी, पोट तांबूस. दुसरा फिजीमधल्या कडावू बेटावरचा, याचं डोकं विटकरी-नारिंगी आणि बाकी अंग काळं. तिसरा त्याच फिजीमधल्या गाऊ बेटावरचा, हा अख्खा काळाकुट्ट, चोच आणि पाय तेवढे पिवळे. आणि चौथा हिंदी महासागरातल्या ख्रिसमस आयलंडचा, डोकं राखाडी-तपकिरी आणि दोन्ही कुशींना नारिंगी झाक. हे चारही शेजारी शेजारी ठेवले आणि कुणालाही विचारलं की हे पक्षी किती, तर तो चार म्हणेल. पण कितीतरी दशकं पक्ष्यांच्या पुस्तकांमध्ये याचं उत्तर एक असं होतं. एकच स्पीशीज, नाव आयलंड थ्रश, शास्त्रीय नाव टर्डस पोलिओसेफॅलस.

मला हा पक्षी फार आवडतो, आणि त्याचं कारण त्याचा रंग किंवा गाणं नाही, तर हा एकटा पक्षी समजून घेताना स्पीशीज म्हणजे नक्की काय, ती कोण ठरवतं, कशावरून ठरवतं आणि ठरवल्याने काय फरक पडतो हे सगळं आपोआप समजत जातं. म्हणून थोडं सविस्तर लिहितोय.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. शाळेच्या मराठी पुस्तकात स्पीशीज म्हणजे जाती आणि तिच्या वरची पायरी जीनस म्हणजे प्रजाती, पण पेपरमध्ये आणि बोलताना आपण सर्रास स्पीशीजलाच प्रजाती म्हणतो, त्यामुळे प्रजाती म्हटलं की कोण काय समजेल याचा नेम नाही. मी इथे सरळ स्पीशीज आणि सबस्पीशीज हेच शब्द वापरतो. थ्रशला मराठीत कस्तुर म्हणतात, तो शब्द मध्ये मध्ये येईल. टर्डस हे जीनसचं नाव, लॅटिनमध्ये टर्डस म्हणजे थ्रशच. युरोपातला प्रसिद्ध काळा ब्लॅकबर्ड याच जीनसमधला. म्हणजे आयलंड थ्रशची अंगकाठी कशी असेल हे तुम्हाला ढोबळमानाने कळलं: मैनेएवढा किंवा थोडा लहान, जमिनीवर पालापाचोळा उलथत किडे, गांडुळं, गोगलगायी शोधणारा, झाडावर फळं खाणारा, पिवळ्या चोचीचा पक्षी.

आता तो राहतो कुठे ते बघा, कारण सगळी गंमत नकाशात आहे. पश्चिमेला सुमात्रा, मग जावा, बोर्निओतला किनाबालू पर्वत, वर फिलिपिन्स, मग सुलावेसी, तिमोर, सेरम, न्यू गिनी, सॉलोमन बेटं, वानुआतू, न्यू कॅलेडोनिया, फिजी आणि शेवटी पार सामोआ. अंतर म्हणाल तर पृथ्वीच्या घेराचा जवळजवळ पाव भाग. मधल्या सगळ्या समुद्रात विखुरलेली बेटं, आणि जवळपास प्रत्येक बेटावर किंवा प्रत्येक डोंगरावर या पक्ष्याची वेगळी आवृत्ती. एकट्या जावामध्ये वेगवेगळ्या ज्वालामुखी पर्वतांवर मिळून अनेक सबस्पीशीज सांगितल्या गेल्या आहेत. सगळ्या मिळून आकडा पन्नासच्या आसपास जातो. एकाच स्पीशीजच्या पन्नास सबस्पीशीज! जगातला सगळ्यात जास्त रूपं असलेला पक्षी कोणता असा प्रश्न आला की याचंच नाव पुढे येतं.

दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात तसंच हे. आणि भाषेच्या बाबतीत जो वाद नेहमी होतो, की ही वेगळी भाषा आहे की त्याच भाषेची बोली आहे, तोच वाद इथे पक्ष्यांच्या बाबतीत होतो. सबस्पीशीज म्हणजे बोली समजा. ओळखू येण्याइतकी वेगळी, ठरावीक प्रदेशात बोलली जाणारी, पण अजून भाषा म्हणून वेगळी न काढलेली. शास्त्रीय नावात ती तिसऱ्या शब्दाने दाखवतात. गाऊ बेटावरच्या त्या काळ्या पक्ष्याचं जुनं पूर्ण नाव टर्डस पोलिओसेफॅलस हेडीस. पहिला शब्द जीनस, दुसरा स्पीशीज, तिसरा सबस्पीशीज. हेडीस म्हणजे ग्रीक पुराणातला पाताळाचा देव, काळ्याकुट्ट पक्ष्याला साजेसं नाव आहे.

मग हा गोंधळ झाला कसा? सुरुवात १८०१ ची. जॉन लॅथम नावाच्या इंग्लिश पक्षीतज्ज्ञाने नॉरफोक बेटावरच्या एका थ्रशचं वर्णन करून त्याला पोलिओसेफॅलस नाव दिलं. ग्रीकमध्ये पोलिओस म्हणजे राखाडी, केफाले म्हणजे डोकं, म्हणजे राखाडी डोक्याचा. नॉरफोक हे ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला समुद्रात असलेलं छोटंसं बेट. लॅथमला अर्थातच माहीत नव्हतं की याचे भाऊबंद सामोआपासून सुमात्रापर्यंत पसरलेत. पुढे जसजशी जहाजं बेटांवर गेली, पक्षी मारून त्यांची कातडी भरून म्युझियममध्ये आली, तसतशी एकेका बेटाच्या पक्ष्याला एकेक नाव मिळत गेलं. लॉर्ड हाउ बेटावरच्या पक्ष्याला जॉन गूल्ड या पक्षीतज्ज्ञाने १८५५ मध्ये विनिटिंक्टस म्हटलं, म्हणजे द्राक्षाच्या वाइनची छटा असलेला. त्या काळी वेगळा दिसला की वेगळी स्पीशीज, इतका साधा हिशोब होता.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हवा बदलली. एर्न्स्ट मायर या जर्मन शास्त्रज्ञाचं नाव इथे घ्यायलाच हवं, कारण तो स्वतः १९२८ ते १९३० च्या काळात न्यू गिनी आणि सॉलोमन बेटांवर हिंडला होता, नंतर अमेरिकेत म्युझियममध्ये बसून त्याने पॅसिफिकमधल्या पक्ष्यांचे ढीगच्या ढीग नमुने तपासले आणि आयलंड थ्रशच्या काही सबस्पीशीजना, त्या हेडीसलासुद्धा, त्यानेच नावं दिली. १९४२ मध्ये त्याने स्पीशीजची जी व्याख्या मांडली ती आजही पहिल्यांदा शिकवली जाते. सोप्या भाषेत ती अशी की जे गट निसर्गात एकमेकांशी जोडी जमवून पिल्लं काढतात किंवा काढू शकतात ते एक स्पीशीज, आणि ज्यांच्यात तो संबंध तुटलेला आहे ते वेगळे.

व्याख्या छान आहे. पण बेटांवर आली की अडखळते.

का ते बघा. एकाच जंगलात दोन सारखे पक्षी राहत असतील आणि तरी ते एकमेकांशी जोडी जमवत नसतील तर प्रश्न मिटला, निसर्गानेच परीक्षा घेऊन निकाल दिला. पण कडावूचा तांबड्या डोक्याचा आणि गाऊचा काळा, यांच्यामध्ये समुद्र आहे. ते कधी भेटतच नाहीत. भेटले असते तर जोडी जमली असती का? ही परीक्षा झालेलीच नाही. मग शास्त्रज्ञाने अंदाज करायचा. मायरच्या पिढीने अंदाज केला तो असा की हे सगळे सारख्याच अंगकाठीचे आहेत, एका बेटावर एकच असतो, दोन कधी एकत्र सापडत नाहीत, म्हणजे हे एकाच पक्ष्याचे स्थानिक अवतार असणार, सगळ्यांना एका स्पीशीजमध्ये घाला. आणि लॅथमचं १८०१ चं नाव सगळ्यात जुनं, म्हणून सगळ्या कुटुंबाला तेच आडनाव लागलं. प्राण्यांच्या नावांचा नियमच तसा आहे, दोन-चार नावं एकत्र केली की जे सगळ्यात आधी छापलं गेलं ते टिकतं.

मला मायरच्या पिढीला दोष द्यायचा नाही. त्यांच्या हातात होतं काय? कातडी, चोचीची आणि पंखांची मापं, आणि रंग. शिवाय शेकडो नावांच्या जंगलातून सुटका करून त्यांनी आपल्याला एक मोठी गोष्ट दाखवली, की हे सगळे एकाच घराण्यातले आहेत. ती गोष्ट पुढे बहुतांशी खरीच निघाली.

पण रंगाचं काय? रंगावरून घराण्यातलं कोण कुणाच्या जवळचं हे लावायला गेलात की डोकं गरगरतं. तैवानमध्ये पांढरं डोकं. तिथून हजारो किलोमीटरवर वानुआतूमधल्या एरोमांगो बेटावरच्या सबस्पीशीजचं नाव अल्बिफ्रॉन्स, म्हणजे पांढऱ्या कपाळाचा. मग हे दोघे सख्खे का? मधल्या शेकडो बेटांवर तर काळे, तपकिरी, तांबडे बसलेत. सामोआचा काळा, गाऊचा काळा. एकाच फिजी देशात पाच सबस्पीशीज, आणि शेजारच्या बेटावर गेलं की पक्षी वेगळाच दिसायला लागतो. रंगांचा हा पट म्हणजे कुणीतरी पत्ते पिसून समुद्रावर उधळल्यासारखा आहे.

असं होतं कारण रंग बदलायला फार काही लागत नाही. पिसांमधला काळा आणि तांबूस रंग मेलॅनिन नावाच्या रंगद्रव्याच्या दोन प्रकारांमधून येतो, आणि ते कुठे किती बसणार हे जीनमधल्या थोड्याशा बदलाने पालटू शकतं. त्यात बेटावर पहिल्यांदा पोचणारे पक्षी मूठभर असतात. समजा वादळात भरकटत सात-आठ पक्षी एका रिकाम्या बेटावर आले, त्यात योगायोगाने दोन फिकट डोक्याचे निघाले, तर पुढच्या पिढ्यांमध्ये तो फिकटपणा पसरायला वेळ लागत नाही, कारण मूळ भांडवलच तेवढं. मोठ्या लोकसंख्येत जो गुण दबून गेला असता तो इथे सगळ्या बेटाची ओळख बनतो. म्हणून दोन लांबच्या बेटांवर सारखं डोकं दिसलं तरी ते नातं असेलच असं नाही, दोन्हीकडे ते आपापलं स्वतंत्र उगवलेलं असू शकतं.

इथे डीएनए कामाला येतो, आणि तो कसा ते एका उदाहरणाने सांगतो. जुनी पोथी हाताने उतरवून काढायचे तेव्हा प्रत्येक नकलेत काही चुका व्हायच्या, आणि ती नक्कल पुढे कुणी उतरवली की जुन्या चुका तशाच जाऊन वर नव्या पडायच्या. शंभर पोथ्या समोर ठेवल्या आणि कुठल्या पोथीत कुठल्या चुका समान आहेत ते बघितलं, तर कुठली पोथी कुठलीवरून उतरवली हे बरोबर लावता येतं, पोथीचं कापड लाल आहे की काळं याच्याशी काही संबंध नाही. डीएनएमधले छोटे बदल म्हणजे या चुका. पिसांचा रंग म्हणजे पोथीचं कापड.

आणि नमुने कुठून आणायचे? पन्नास डोंगर चढून प्रत्येक ठिकाणी पक्षी पकडणं कठीण, काही तर आता शिल्लकच नाहीत. म्हणून म्युझियम. म्युझियमच्या कपाटातला पक्ष्याचा नमुना म्हणजे आतलं सगळं काढून कापूस भरलेली, पाठीवर उताणी ठेवलेली, पाय एकमेकांवर आडवे केलेली कातडी. त्या पायाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली असते, त्यावर बेटाचं नाव, तारीख, नर की मादी, कुणी गोळा केला. डीएनएसाठी पायाच्या बोटाखालच्या गादीचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा धारदार पात्याने काढतात. बस, एवढाच. नमुना दिसायला जसाच्या तसा राहतो आणि शंभर वर्षांपूर्वी मेलेला पक्षी आपली वंशावळ सांगायला लागतो. हे मला दर वेळी थक्क करतं. ज्यांनी त्या काळी डोंगरात चिखल तुडवत हे नमुने जमवून चिठ्ठ्या नीट लिहिल्या त्यांना डीएनए म्हणजे काय हे माहीतही नव्हतं.

असा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, जवळजवळ सगळ्या पट्ट्यातले आयलंड थ्रश घेऊन, जीनोमभर, म्हणजे सगळ्या डीएनएभर, पसरलेल्या बदलांवरून. त्यातून जे निघालं ते इतकं सरळ होतं की आश्चर्य वाटावं. रंगांचा पट कितीही विस्कटलेला असला तरी नात्यांचा नकाशा एकदम शिस्तीत निघाला. या पक्ष्याचे पूर्वज उत्तरेकडचे, युरोप-आशियाच्या थंड भागातले, ऋतूप्रमाणे स्थलांतर करणारे थ्रश. ते आधी फिलिपिन्समध्ये शिरले, तिथून सुमात्रा-जावा-बोर्निओच्या मोठ्या बेटांकडे, मग सुलावेसी-सेरमच्या पट्ट्यात, मग न्यू गिनी, आणि तिथून पुढे पुढे करत पॉलिनेशियापर्यंत. नदी ओलांडताना आपण एका दगडावरून पुढच्या दगडावर पाय टाकतो ना, अगदी तसं, एका बेटावरून पुढच्या. आणि हे सगळं हिमयुगांच्या काळात, म्हणजे गेल्या पंचवीसेक लाख वर्षांच्या आत. उत्क्रांतीच्या घड्याळात हे फारच झटपट झालं.

यात एक मोठा प्रश्न सुटतो. आयलंड थ्रश आज बैठा पक्षी आहे, आपला डोंगर सोडून सहसा कुठे जात नाही, तेही बहुतेक ठिकाणी दाट ओल्या डोंगरी जंगलात. असा घरकोंबडा पक्षी समुद्र ओलांडून पाव पृथ्वी कशी काय व्यापतो? तर तो तसा जन्मला नव्हता. पूर्वज लांब उडणारे होते आणि थंडीला सरावलेले होते. उष्ण प्रदेशातल्या बेटावर उतरल्यावर थंड हवा फक्त डोंगरमाथ्यावर मिळते, म्हणून ते वर चढले आणि तिथे स्थिरावले. त्यात हिमयुगात हवा आजच्यापेक्षा गार होती, डोंगरी जंगलं बरीच खाली उतरलेली होती, आणि समुद्राची पातळी शंभर मीटरहूनही जास्त खाली गेल्याने सुमात्रा, जावा आणि बोर्निओ तर आशियाच्या भूमीला जोडलेलेच होते. आज ज्या दोन शिखरांमध्ये मोठं अंतर दिसतं ते तेव्हा तितकं नव्हतं.

पूर्वेकडे गेलं की मात्र पक्ष्याचं वागणं बदलतं, आणि हे मला सगळ्यात जास्त विचारात टाकतं. न्यू गिनीत तो उंच पर्वतांवर, पण सॉलोमनमधल्या रेनेलसारख्या सखल बेटावर तो खाली राहतो, पॅसिफिकमधल्या लहान बेटांवर पार किनाऱ्यापर्यंत येतो. पश्चिमेकडे ख्रिसमस आयलंडवरही तसंच, तिथे तर तो घरांच्या आवारात हिरवळीवर निर्धास्त फिरतो. खाली राहणारे दुसरे स्पर्धक कमी म्हणून की आणखी काही, याच्यावर अजून काम चालू आहे. आणि एवढं सगळं करून हा पक्षी ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर कधीच वसला नाही, जरी त्याच्या आसपासच्या बेटांवर तो होता.

बरं, वंशावळ मिळाली. मग आता स्पीशीज किती? इथे लोकांची एक गैरसमजूत असते की डीएनए मशीनमध्ये टाकला की आकडा बाहेर येतो. तसं नाही. डीएनए झाड दाखवतो, फांद्या कुठे फुटल्या ते दाखवतो, पण कुठल्या फांदीवर स्पीशीजची पाटी लावायची ते माणसंच ठरवतात. त्यासाठी वेगवेगळे मापदंड आहेत. एक पद्धत गुणांची आहे, २०१० मध्ये मांडलेली. रंग, मापं, आवाज यातल्या प्रत्येक फरकाला एक ते चार असे गुण द्यायचे, किरकोळ फरक असेल तर एक, अगदी डोळ्यात भरणारा असेल तर चार, आणि बेरीज सात झाली तर वेगळी स्पीशीज. दुसरे लोक म्हणतात की डीएनएमधली फांदी किती जुनी आणि किती वेगळी पडली ते आधी बघा. तिसरे म्हणतात गाणं बघा, कारण पक्षी जोडीदार निवडताना गाणं ऐकतो. आयलंड थ्रशला गुणांची पद्धत एकट्याने लावली तर पंचाईत होते, रंग इतका बदलतो की जवळपास प्रत्येक बेट वेगळी स्पीशीज ठरायची वेळ येईल.

वर आणखी एक गुंता. त्याच २०२३ च्या अभ्यासात दिसलं की फांद्या फुटल्यावरही वेगवेगळ्या गटांमध्ये जीन्सची देवाणघेवाण होत राहिली, म्हणजे कधीतरी एका बेटाचे पक्षी दुसऱ्या बेटावर पोचले आणि तिथल्यांशी मिसळले. झाडाच्या फांद्या फुटून परत एकमेकींत घुसल्या तर त्याला झाड म्हणायचं की जाळं? निसर्गाला आपल्या पाट्यांशी काही देणंघेणं नाही, तिथे सगळं उताराउताराने बदलतं.

तरी निर्णय घ्यावाच लागतो, कारण याद्या लागतात. तैवानच्या पांढऱ्या डोक्याच्या पक्ष्याला बाकीच्यांपासून आधीच वेगळं काढलं होतं. मग २०२४ मध्ये ईबर्ड (पक्षीनोंदींची जागतिक वेबसाइट) आणि क्लेमेंट्स यांच्या, जगभरातल्या पक्ष्यांच्या यादीने उरलेल्या आयलंड थ्रशचे एकदम डझनाहून जास्त तुकडे केले. एका रात्रीत एका स्पीशीजच्या जागी इतक्या! विभागणी साधारण त्या बेटाबेटाने जाणाऱ्या वाटेला धरून आहे, म्हणजे भूगोल आणि वंशावळ बघून जवळचे गट एकत्र ठेवले आणि लांबचे तोडले. माझं मत विचाराल तर मला हे बरोबर वाटतं. पन्नास करणं अति झालं असतं, एकच ठेवणं आता हाती आलेल्या माहितीशी प्रामाणिक राहिलं नसतं. युरोपातल्या ब्लॅकबर्डचंही पूर्वी असंच झालं, त्यात एकत्र धरलेले चीनमधले, तिबेटकडचे आणि आपल्या सह्याद्रीतले काळे कस्तुर आज वेगळ्या स्पीशीज मानले जातात.

काही लोकांना हे सगळं नुसता नावांचा खेळ वाटतो. त्यांच्यासाठी लॉर्ड हाउ बेटाची गोष्ट.

लॉर्ड हाउ ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापासून सुमारे ६०० किलोमीटरवर, जेमतेम काही किलोमीटर लांबीचं बेट. तिथला तो वाइनच्या छटेचा थ्रश लोकांच्या पायात पायात यायचा इतका निर्भय, जमिनीवर फिरणारा आणि खाली घरटं करणारा. जून १९१८ मध्ये मकाम्बो नावाचं जहाज तिथे खडकाला लागलं. दुरुस्तीसाठी ते किनाऱ्यावर आणलं आणि त्यातले काळे उंदीर बेटावर उतरले. त्या बेटावर पूर्वी उंदीर नव्हते, त्यामुळे अंडी लपवायची, रात्री सावध राहायचं, हे तिथल्या पक्ष्यांना कधी करावंच लागलं नव्हतं. थोड्याच वर्षांत तिथले पाच स्थानिक पक्षी संपले, थ्रश त्यातलाच एक. उंदरांचा नायनाट करायची मोठी मोहीम शेवटी २०१९ मध्ये झाली, म्हणजे शंभर वर्षांनी.

नॉरफोकचा, म्हणजे लॅथमचा मूळ राखाडी डोक्याचा, १९७५ नंतर दिसला नाही. जंगलतोड, मांजरं, उंदीर. न्यू कॅलेडोनियाजवळच्या मारे बेटावरचा गेला. शेजारच्या लिफू बेटावरचा गेला.

आता या सगळ्याची नोंद कशी झाली ते बघा. जगभरातल्या धोक्यातल्या जीवांच्या यादीत पक्ष्यांचा हिशोब मुख्यतः स्पीशीजच्या पातळीवर होतो. आयलंड थ्रश ही एकच स्पीशीज, सुमात्रापासून सामोआपर्यंत पसरलेली, लाखो चौरस किलोमीटर, मग शेरा काय? चिंतेचं कारण नाही. तो शेरा चुकीचा नव्हता, त्या नावाला धरून बरोबरच होता. पण त्या एका शेऱ्याखाली तीन-चार बेटांवरचे पक्षी कायमचे नाहीसे झाले आणि जागतिक आकड्यात त्याने काडीचाही फरक पडला नाही, कारण सबस्पीशीज गेली, स्पीशीज शाबूत होती. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात सबस्पीशीजचीही स्वतंत्र नोंद होते हे चांगलं, त्यामुळे ख्रिसमस आयलंडच्या थ्रशला तिथे धोक्यातला म्हणून वेगळं संरक्षण आहे. सगळ्या देशांत अशी सोय नाही.

नाव वेगळं झालं की काय होतं याचं उदाहरण दुसऱ्या महासागरात आहे. आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात साओ टोमे आणि प्रिन्सिपे अशी दोन बेटं, दोन्हीवर थ्रश, आणि पुस्तकांत दोघे मिळून एक स्पीशीज. साओ टोमेवर तो बऱ्यापैकी दिसतो म्हणून एकूण चित्र ठीकठाक. नंतर डीएनए आणि बाकी फरक तपासून २०१० च्या सुमारास प्रिन्सिपेचा वेगळा धरला. वेगळा धरल्यावर पहिल्यांदा त्याच्या एकट्याच्या संख्येकडे नीट बघितलं गेलं, तर तो एका छोट्या बेटाच्या दक्षिणेकडच्या दुर्गम जंगलात उरलेला, मोजकाच. आज तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. पक्षी तेच, जंगल तेच, फक्त पाटी बदलली आणि लोकांची नजर तिकडे वळली.

म्हणून आयलंड थ्रशच्या या फाळणीकडे मी आशेने बघतो. आता प्रत्येक नव्या स्पीशीजचा हिशोब वेगळा मांडावा लागेल, आणि एखाद-दुसऱ्या डोंगरावरच उरलेले त्यातले काही असतील तर ते आता मोठ्या नावामागे झाकले जाणार नाहीत. डोंगरावरच्या पक्ष्याला हवा तापायला लागली की वर वर सरकावं लागतं आणि शिखराच्या वर जागा नसते, त्यामुळे हा हिशोब लवकर मांडलेला बरा.

कुणाला याद्या चाळायच्या असतील तर एक सोपी युक्ती. जुन्या पुस्तकात तीन शब्दांचं नाव दिसलं, समजा टर्डस पोलिओसेफॅलस पापुएन्सिस, तर मधला शब्द काढून टाका, टर्डस पापुएन्सिस, आणि नव्या यादीत ते शोधा, न्यू गिनीचा थ्रश तिथे सापडेल. प्रत्येक वेळी हे जमणार नाही, कारण चार-पाच जुन्या सबस्पीशीज मिळून एक नवी स्पीशीज झाली असेल तर त्यातलं सगळ्यात जुनं नाव पुढे येतं आणि बाकीची तिसऱ्या जागी तशीच राहतात. २०२५ पासून अविलिस्ट नावाची एकत्र जागतिक यादीही आली आहे, त्यामुळे निदान वेगवेगळ्या याद्यांचे वेगवेगळे आकडे जुळवत बसायची कटकट कमी होईल.

आणि पोलिओसेफॅलस हे मूळ नाव? ते नियमाने त्याच गटाकडे राहतं ज्याच्यावरून ते १८०१ मध्ये दिलं गेलं, म्हणजे नॉरफोकच्या पक्ष्याकडे. कितीतरी दशकं अख्ख्या घराण्याला ज्याचं नाव होतं तो राखाडी डोक्याचा पक्षी आज बघायचा असेल तर म्युझियमचा खण उघडावा लागतो, उताणी ठेवलेली कातडी, आडवे केलेले पाय, आणि पायाला बांधलेली चिठ्ठी.